जागा सामायिक, हुकमत परकी

मुंबईत लोअर परळ आणि अंधेरी, पुण्यात बाणेर आणि खराडी अशा भागांत गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवा व्यवसाय फोफावला आहे. तेथे भाड्याने दिली जाते ती टेबलखुर्ची; महिन्याच्या, दिवसाच्या, प्रसंगी तासाच्याही हिशेबाने. एका मजल्यावर चाळीस-पन्नास छोट्या कंपन्या, त्यांचे नोकर, एकएकटे काम करणारे संगणकतज्ज्ञ, अनुवादक, हिशेबनीस असे शे-दोनशे लोक बसतात. वीज, इंटरनेट, चहा, साफसफाई हे सारे भाड्यातच येते. या व्यवस्थेला इंग्रजी वळणाने ‘को-वर्किंग’ असे नाव पडले आहे. प्रवेशद्वाराशी हिरव्या कुंड्या असतात, भिंतीवर कागद वाचवण्याचे आवाहन असते आणि दर्शनी भागी एखादे हरित प्रमाणपत्र झळकत असते. पर्यावरणाच्या रक्षणात आपलाही वाटा आहे, असा या कार्यालयांचा दावा आहे. हा दावा तपासून पाहणे समाजवादी कार्यकर्त्यांचे काम आहे.

या कल्पनेची केवळ टिंगल करून चालणार नाही. साधने वाटून वापरावीत हा मुळात समाजवादी विचारच आहे. चाळीस कंपन्यांनी चाळीस सभागृहे, चाळीस छपाईयंत्रे आणि चाळीस स्वयंपाकघरे बाळगण्यापेक्षा एकेकच असावे, यात जागेची, विजेची आणि मालाची बचत आहे. घराजवळ अशी जागा मिळाली तर रोजचा दोन-तीन तासांचा प्रवास वाचतो. तेव्हा दोष वाटून घेण्यात नाही. प्रश्न असा आहे की, येथे वाटून नेमके काय घेतले जाते? वापर वाटून घेतला जातो. निर्णयाचा अधिकार मात्र कोणीच कोणाला देत नाही.

एका मजल्यावर अधिकाराची किती उतरंड असते ते पाहावे. इमारत एका बांधकाम कंपनीची. तिने मजला दिला चालक कंपनीला. चालकाने खुर्च्या दिल्या लहान कंपन्यांना. त्या खुर्च्यांवर बसतात त्यांचे नोकर, आणि त्यांच्या भोवतीचा केर काढतात ठेकेदाराच्या सफाई कामगार स्त्रिया. भिंती काचेच्या असाव्यात की विटांच्या, हे ठरवणारा वीजबिल भरत नाही. चालक बिल भरतो, पण त्याला भिंत बदलता येत नाही. तो ते बिल भाड्यात चढवून मोकळा होतो. भाडेकरूला बिल दिसतही नाही. आणि जो दिवसभर त्या थंडीत वा कोंदट हवेत बसतो त्याला कोणी विचारत नाही. प्रत्येकाची जबाबदारी पुढच्यावर ढकललेली असली की काटकसर कोणाच्याच हिताची राहत नाही. काचेतून ऊन आत येते, उष्णता सहजी बाहेर जात नाही. खिडक्या उघडता येत नाहीत. मग दुपारी बारा वाजता पडदे ओढून दिवे लावायचे आणि आतली उष्णता यंत्राने उपसून रस्त्यावर टाकायची, असा हा उफराटा कारभार चालतो.

ज्या भूमीवर यांतली काही कार्यालये उभी आहेत, तिचा इतिहास येथे आठवणे अप्रस्तुत ठरू नये. लोअर परळ हे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या मोडल्या आणि त्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे चढले. जुन्या गिरण्यांची छपरे करवतीच्या दातांसारखी असत. त्यांची तावदाने उत्तरेकडे असल्याने उन्हाचा ताप न होता एकसारखा उजेड आत येई. ही युक्ती विजेवाचून प्रकाश देणारी होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती कामगाराच्या सुखासाठी नव्हती. सूत तुटू नये म्हणून त्याच गिरण्यांच्या साचेखात्यात मुद्दाम दमट हवा राखली जाई आणि त्या दमटपणात माणसे घामाने निथळत. तेव्हा हवा सुताच्या सोयीने ठरे. आज ती भाड्याच्या दराने ठरते. कामगाराला तेव्हाही विचारले गेले नाही, आजही विचारले जात नाही.

वातानुकूलनाचेच उदाहरण घ्यावे. यंत्राचे तापमान एक अंशाने वाढवले तर विजेची सुमारे सहा टक्के बचत होते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाचे म्हणणे आहे. याच विभागाने २०२० पासून खोलीतील नव्या यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याचे बंधन घातले. मोठ्या इमारतींच्या केंद्रीय यंत्रणेला ते बंधन लागू झाले नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले की, ऋतुमानाप्रमाणे भारतीय माणूस पाश्चात्त्य मानकांपेक्षा बऱ्याच उबदार हवेतही सुखाने काम करतो. मात्र खिडकी आणि पंखा त्याच्या हाती हवा. २०१५ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. कार्यालयीन तापमानाची रूढ मानके सरासरी पुरुषाच्या शरीरावरून बेतलेली असून त्यांत स्त्रियांच्या शरीरातील उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते. ऐन मे महिन्यात शाल पांघरून टंकलेखन करणाऱ्या स्त्रिया या कार्यालयांतून दिसतात, त्याचे हे एक कारण होय. विजेची उधळपट्टी आणि स्त्रियांची गैरसोय या दोन्ही गोष्टी येथे एकाच कळीने चालू होतात आणि ती कळ कुलूपबंद पेटीत असते.

या थंडीची किंमत कोठे मोजली जाते? महाराष्ट्राची वीज आजही मोठ्या प्रमाणावर कोळशातून येते आणि तो कोळसा जळतो मुख्यतः विदर्भात. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे, आणि चंद्रपूर हे देशातील अतिउष्ण शहरांपैकी एक. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल आसपासच्या वस्तीत व शेतांत पसरला. मुंबई-पुण्याच्या रिकाम्या खुर्च्याही थंड राहाव्यात म्हणून विदर्भातल्या शेतकऱ्याने राख सोसावी, हा व्यवहार हरित प्रमाणपत्रावर नोंदवलेला नसतो. यांतली पुष्कळशी प्रमाणपत्रे इमारतीच्या आराखड्यावरून दिली जातात. ती वापरात आल्यावर किती वीज खाते हा वेगळाच हिशेब आहे. प्रत्यक्ष वापर मोजून कार्यालयांना तारे देण्याची सरकारी योजना २००९ पासून आहे, परंतु तीत भाग घेणे न घेणे मालकाच्या मर्जीवर सोडले आहे.

कायद्याची स्थितीही समाधानकारक नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने नव्या कारखान्यात दर कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा असावी, हवा खेळती असावी, पुरेसा उजेड असावा असे बंधन घातले होते. कामगार चळवळीच्या दडपणातून आलेले हे हक्क होते. २०२० च्या नव्या संहितेत हा कायदा विलीन करताना कारखान्याची व्याख्याच आकसली. विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहाऐवजी वीस कामगारांची अट आली. कार्यालयांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्याच्या बहुतेक तरतुदी ठरावीक संख्येइतके वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होतात. आता सामायिक कार्यालयाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मजल्यावर दोनशे माणसे, पण चाळीस कंपन्यांत विभागलेली, प्रत्येकीत चार-पाच. कायद्याच्या दृष्टीने तेथे कोणीच नाही! माणसे एकत्र बसतात, एकच हवा श्वासात घेतात, आणि हक्कांचा प्रश्न निघताच सुटी सुटी होतात. ही केवळ कायद्यातील फट नव्हे. असंघटितपणाची ही नवी तऱ्हा आहे.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. तिरुवनंतपुरमला तंपानूर येथे रेल्वे स्थानकाजवळ इंडियन कॉफी हाऊसची एक गोल, लाल विटांची इमारत आहे. लॉरी बेकर या वास्तुविशारदाने ती उभारली. आत वळत चढत जाणारा उतार, त्याच्या कडेने बसण्याच्या पक्क्या जागा आणि भिंतीत विटांची जाळी. जाळीतून उजेड आणि वारा येतो. केरळच्या दमट हवेतही तेथे वातानुकूलनावाचून दिवसभर वर्दळ असते. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही संस्था कामगारांच्या मालकीची आहे. कॉफी मंडळाने १९५७ च्या सुमारास कॉफीगृहे बंद करून नोकरांना घरी बसवले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी संस्था काढल्या. ज्यांना त्या जागेत राबायचे होते, त्यांचीच ती जागा झाली. पुण्यातही फार दूर जायला नको. १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली आणि तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ साली महापालिकेशी करार करून कामाला लागली. कचऱ्याचे वर्गीकरण हा उपदेशाचा विषय न राहता हक्काच्या कामाचा विषय झाला.

यावरून मागण्यांची दिशा स्पष्ट होते. पहिली मागणी हिशेबाची. प्रत्येक मजल्याला स्वतंत्र मीटर असावा आणि दर महिन्याचे बिल, दर चौरस मीटरमागे किती वीज खर्च झाली या आकड्यासह, दर्शनी भागी लावावे. कार्यालयांची तारांकन योजना सक्तीची करावी. दुसरी मागणी मोजणीची. कामगारसंख्या कंपनीवार न मोजता जागेवार मोजावी, म्हणजे मजल्यावरील दोनशे माणसे कायद्याला दोनशेच दिसतील. तिसरी मागणी अधिकाराची. मजल्यावर काम करणाऱ्या सर्वांची, सफाई कामगार आणि सुरक्षारक्षकांसह, एक समिती असावी. तापमान, हवा, पाणी आणि कचरा यांविषयी तिचा शब्द बंधनकारक असावा. चौथी मागणी बांधणीची. उघडणाऱ्या खिडक्या, उन्हाला आडोसा आणि छताला पंखे नसलेल्या नव्या व्यापारी इमारतींना महापालिकांनी परवानगी देऊ नये.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. कागदी पेले बंद करून काचेचे आणावेत, हे योग्यच. पण ते दोनशे पेले विसळण्याचे काम त्याच पगारात सफाई करणाऱ्या स्त्रीच्या माथी मारले जाणार असेल, तर ती पर्यावरणाची सेवा नव्हे, ती वेठ आहे. बचतीचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकणारी प्रत्येक हरित योजना याच कसोटीवर घासून घ्यावी.

हा पांढरपेशांचा प्रश्न आहे, धारावीच्या आणि भिवंडीच्या कामगाराला त्याचे काय, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. वस्तुतः सामायिक कामाच्या जागा तेथेच अधिक आहेत. एका पत्र्याखाली चार मालकांचे शिवणकाम, एका शेडमध्ये तीन मालकांचे यंत्रमाग हे चित्र नवे नाही. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत शेकडो माणसे दगावल्यावर अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांना उष्णता परतवणारा पांढरा लेप देण्यास सुरुवात केली. लाख-दोन लाखांच्या यंत्रावाचूनही पत्र्याखालचा ताप कमी करता येतो. पण भाड्याच्या शेडचे छप्पर कोणी रंगवायचे, मालकाने की भाडेकरूने, हा तंटा भिवंडीतही तोच आहे जो लोअर परळमध्ये आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतील कोंदट अभ्यासिकांत महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेऊन स्पर्धापरीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींचाही तोच.

कामगार संघटनांनी वेतनाच्या मागणीपत्रात हवा, उजेड आणि उष्णता यांना स्वतंत्र कलम दिले पाहिजे. संगणकावर काम करणारा तरुण आणि त्याच्या टेबलाखालचा केर काढणारी स्त्री यांची एका मजल्यावर एक समिती होऊ शकली, तर असंघटित म्हणून सोडून दिलेल्या क्षेत्रात संघटनेचे ते पहिले पाऊल ठरेल. सुरुवात घरापासून व्हावी. पक्षाच्या आणि संघटनांच्या कार्यालयांनी आपापले वीजबिल येत्या महिन्यापासून दारावर लावावे.