आज काय लागले आहे? छोट्या थिएटरचा धंदा आणि मालेगावचा धडा

छोट्या थिएटरच्या दारावर "आज काय लागले आहे" हे सांगणारे पोस्टर असते. येणारा-जाणारा ते वाचतो आणि पुढे जातो. पण धंद्याच्या नजरेने पाहिले तर ते पोस्टर म्हणजे दुकानाच्या दर्शनी भागात मांडलेला माल आहे. कोणता माल मांडायचा, कोणत्या वाराला मांडायचा, काय भावाने विकायचा आणि त्या मालाची मालकी कोणाची, या चार प्रश्नांवर थिएटर चालते किंवा बंद पडते. कापडाचे दुकान, बेकरी, फर्निचरचा कारखाना यांचेही याहून वेगळे नाही. म्हणून आज या पानावर छोट्या थिएटरचा विचार करू आणि त्यासाठी मालेगावचे उदाहरण घेऊ.

सिनेमा पाहावा की पाहू नये, याविषयी समाजात मतभेद आहेत. तो विषय उलेमांचा आहे, या पानाचा नाही. आमचा सवाल एवढाच की, ज्या शहरातील कामगार वर्षानुवर्षे सुट्टीच्या दिवशी तिकीट काढत आले, त्या शहरातील हुनरमंदांच्या हाती त्या पैशातून काय पडले?

गिऱ्हाईक ओळखणारा व्हिडिओ हॉल

मालेगाव हे यंत्रमागाचे शहर. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकर कुटुंबांनी इथे हातमाग उभे केले. पुढे हातमागाचे यंत्रमाग झाले आणि आज त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. बारा-बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा खडखडाट आणि आठवड्याची सुट्टी रविवारी नव्हे तर शुक्रवारी. ज्याला या शहरात काही विकायचे आहे, त्याने आधी हे वेळापत्रक पाठ केले पाहिजे.

ऐंशी-नव्वदच्या दशकात येथील व्हिडिओ हॉलवाल्यांनी ते पाठ केले होते. एक खोली, काही बाके, एक टी.व्ही. आणि व्ही.सी.आर. एवढेच भांडवल. पण पाळी सुटली की शो सुरू, तिकीट कामगाराच्या खिशाला झेपेल असे आणि चित्रपट असा की थकलेल्या माणसाला डोके खाजवावे लागू नये. नासीर शेख हे नाव आता देशभर माहीत झाले आहे. तेही असाच हॉल चालवत होते. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली यांचे चित्रपट त्यांनी या गिऱ्हाइकापुढे ठेवले. मालेगावच्या कामगाराला इंग्रजी येत नव्हते, पण मूकपटाला आणि मारामारीला भाषा लागत नाही. ज्याला गिऱ्हाईक कळते, तो परदेशी मालही गल्लीत खपवतो. नासीर शेख एवढ्यावर थांबले नाहीत. दोन व्ही.सी.आर. जोडून निरनिराळ्या चित्रपटांचे तुकडे एकत्र करायचे आणि आपल्या प्रेक्षकाच्या पसंतीचा नवा कार्यक्रम तयार करायचा, हे तंत्र ते स्वतःच शिकले. शिंपी मापाप्रमाणे कापड बेततो, त्यातलेच हे काम. संकलनाचे शिक्षण त्यांना कोणत्या संस्थेत नव्हे, तर दुकानात मिळाले.

मात्र या धंद्याचा पाया कच्चा होता. कॅसेट दुसऱ्याची, हक्क दुसऱ्याचा. परवानगीशिवाय दुसऱ्याचा चित्रपट पैसे घेऊन दाखवणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गुन्हा आहे. चोरट्या कॅसेटवर धाडी पडू लागल्या की असा हॉल एका दिवसात बंद पडतो. २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' या चित्रपटात हा प्रसंग दाखवला आहे. धाड पडते आणि नायकाच्या मनात विचार येतो की, दुसऱ्याचा माल विकता येत नसेल तर आपण आपलाच तयार करू.

विणकर आपला, नमुना दुसऱ्याचा

त्यातून २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' तयार झाला. खर्च सुमारे ५० हजार रुपये असे सांगितले जाते. नट गावातले आणि भाषा गावातली. पुढच्या चित्रपटांतही हीच रीत राहिली. कॅमेरा वर न्यायचा तर बैलगाडीला क्रेन केले, सरकता शॉट घ्यायचा तर कॅमेरावाल्याला सायकलवर बसवले. मुंबईला जे लाखांत होते ते इथे जुगाडात झाले. लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. त्या यशाने गावात आणखी चित्रपट निघाले आणि मालेगावला लोक "मॉलिवूड" म्हणू लागले.

इथे थोडे थांबून हिशेब पाहू. 'शोले' ही १९७५ ची कथा, पात्रे आणि नाव मुंबईच्या निर्मात्यांचे. मालेगावकरांनी त्याची विनोदी नक्कल केली. गावात ती चालली, पण नक्कल म्हणून ती मोठ्या बाजारात उजळ माथ्याने विकता येईल असा माल नव्हता. आणि सी.डी.चा जमाना आल्यावर नकलेचीही नक्कल निघू लागली. जो माल मुळात दुसऱ्याच्या नमुन्यावर बनला आहे, त्याची चोरी झाली तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

यंत्रमागवाल्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. मालेगावचे कोरे कापड पाली-बालोतऱ्याला जाते. तिथे त्यावर रंग चढतो, छपाई होते, दुसऱ्याचे लेबल लागते आणि नफा लेबलवाल्याला मिळतो. विणणाऱ्याच्या वाट्याला मजुरी उरते. चित्रपटाच्या बाबतीत नेमके तेच घडले. हुनर आपला, मेहनत आपली आणि लेबल दुसऱ्याचे.

याच शहरावर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो २०१२ मध्ये भारतातील थिएटरांत लागला. त्यात सुपरमॅन झालेले शफीक शेख हे यंत्रमाग कामगार होते. २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर रीमा कागती यांनी याच कहाणीवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' केला. २०२४ मध्ये तो टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. मालेगावची कहाणी जगाच्या पडद्यावर गेली, याचा आनंदच आहे. मुंबईवाल्यांनी भांडवल घातले आणि विक्रीची यंत्रणा उभी केली, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण आपल्या शहराची कहाणी विकण्याजोगी आहे, हे आपल्या सेठ लोकांना बाहेरच्यांनी सांगावे लागले, हे विसरू नये.

उलट दाखलाही आहे. नासीर शेख यांनी 'मालेगाव का चिंटू' ही मालिका केली, ती सब टीव्हीवर गेली. नाव आपले होते, पात्र आपले होते, म्हणून ती गावाची वेस ओलांडू शकली. आज युट्यूबवर खान्देशी बोलीतील मालेगावचे विनोदी चित्रपट कोट्यवधी वेळा पाहिले जातात. बोली आपली, माणसे आपली आणि कथाही आपली असली की माल खपतो, याला आणखी पुरावा कशाला हवा?

मोबाईलच्या जमान्यात थिएटर कशाला?

व्यापारी बंधू विचारतील, प्रत्येकाच्या हातात मोबाईल असताना छोट्या थिएटरात पैसा कोण घालणार? प्रश्न रास्त आहे. पूर्वी चित्रपटाची रिळे लहान शहरात उशिरा पोहोचत. डिजिटल यंत्रणा आल्यापासून मुंबईत ज्या दिवशी चित्रपट लागतो, त्याच दिवशी तो तालुक्यातही लागतो. पण त्यामुळे छोट्या थिएटरचे वेगळेपणही गेले. मल्टिप्लेक्सचाच माल मल्टिप्लेक्सपेक्षा वाईट खुर्चीत विकायला बसले, तर गिऱ्हाईक किती दिवस येईल? छोट्याने मोठ्याचा माल विकू नये. मोठ्याकडे जे नाही ते विकावे.

मुंबईतील मराठा मंदिरचे उदाहरण पाहा. थिएटर मोठे आहे, पण धडा छोट्यांच्या कामाचा आहे. १९९५ मध्ये लागलेला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' तिथे सकाळच्या खेळाला चालूच राहिला. कोरोनाच्या बंदीचा काळ सोडला तर २०२५ मध्ये तीस वर्षे झाली तेव्हाही तो लागत होता. जुना चित्रपट इतका कसा चालतो? समोर मुंबई सेंट्रल स्टेशन, जवळ एस.टी.चा डेपो. गाडीला वेळ असलेला प्रवासी, सुट्टीवरचा कामगार आणि स्वस्त तिकीट. तिथल्या चालकांनी आपल्या दारावरून कोण जाते ते पाहिले आणि त्याच्या सोयीचा माल त्याच्या सोयीच्या वेळी लावला.

मालेगावच्या दारावरून जातो तो शुक्रवारचा कामगार. त्याला एकट्याने मोबाईल पाहण्यापेक्षा चारचौघांत हसायला आवडते. पण या गर्दीला शिस्त हवी. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'टायगर ३' चालू असताना मालेगावच्या एका थिएटरात प्रेक्षकांनी फटाके फोडले आणि प्रकरण पोलिसांत गेले. अशा प्रकारांनी कुटुंबे थिएटरपासून तुटतात. ज्या दुकानात बायका-मुले येत नाहीत, ते दुकान अर्ध्या बाजाराला मुकते.

कागदावर हिशेब

आता आकडे मांडू. हे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपल्या शहराप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा, १०० खुर्च्यांचा परवाना असलेला हॉल फक्त शुक्रवारी भाड्याने घेतला. तिकीट ५० रुपये, दिवसाला ४ खेळ, दर खेळाला ६० माणसे. दिवसाचा गल्ला १२ हजार. रमजानचे चार आठवडे बंद धरले तर ४८ शुक्रवारांचे ५ लाख ७६ हजार. निम्मे भाडे, वीज, पगार यात गेले तर उरले २ लाख ८८ हजार. दर तीन महिन्यांनी गावातच तयार झालेला नवा चित्रपट लावला, तर वर्षाला चार, म्हणजे एका चित्रपटाच्या वाट्याला ७२ हजार.

रक्कम मोठी नाही, हे उघड आहे. आजच्या मजुरीत आणि भावात एवढ्यात चित्रपट होणे कठीण. म्हणजे एका हॉलवर हा धंदा उभा राहणार नाही. तोच चित्रपट धुळ्याला, भिवंडीला, इचलकरंजीला, बुऱ्हाणपूरला गेला पाहिजे. ही सारी मागाची गावे आहेत, तिथल्या कामगाराला मालेगावचा विनोद समजावून सांगावा लागत नाही. थिएटरांतून उतरला की तो युट्यूबवर विकावा. पण हे सारे तेव्हाच शक्य आहे, जेव्हा कथेची मालकी स्वच्छ असेल. आपल्या कथेचा चित्रपट पाच दारे ठोठावू शकतो. नकलेला गावातलेच एक दार उघडे असते.

यासाठी आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, भागीदारी लेखी करा. मुजारबतची रीत आपल्याकडे जुनी आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे हुनर, नफ्याचा वाटा आधी ठरलेला, तोटा आला तर पैसा भांडवलवाल्याचा बुडतो आणि मेहनत कारागिराची. लेखक, नट, कॅमेरावाला यांना एकदाच मजुरी देऊन वाटेला लावण्याऐवजी दर तिकिटामागे वाटा ठरवा आणि तो कागदावर उतरवा. व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही.

दुसरी, कथेचे कागद सांभाळा. कॉपीराइट कथा लिहिली जाताच लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. परंतु वाद झाला तर नोंदणीचा पुरावा कामी येतो.

तिसरी, परवाने पूर्ण करा. जाहीर खेळासाठी सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या दुरुस्तीने ते आता कायमचे चालते, पूर्वीची दहा वर्षांची मुदत गेली. त्याच दुरुस्तीने चित्रपटाच्या चोरट्या प्रतींना तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख दंड ठेवला आहे. काल ज्या कायद्याची भीती होती, तोच मालक झाल्यावर आपला रखवालदार होतो. कराचेही ओझे हलके झाले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. वरच्या हिशेबाएवढी, म्हणजे वर्षाला २० लाखांच्या आतली उलाढाल असेल, तर साधारणपणे नोंदणीही लागत नाही. तरी आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

चौथी, वेळ आणि शिस्त. नमाजच्या वेळा सोडून खेळ ठेवा, एक खेळ फक्त कुटुंबांसाठी राखा, बाहेर पडण्याचे दरवाजे मोकळे ठेवा आणि फटाकेवाल्याला दारातूनच परत पाठवा.

सेठ लोक म्हणतील, याहून जमिनीत जास्त मिळते. मिळत असेल. पण प्लॉट घेऊन ठेवल्याने कोणाच्या हाताला काम मिळत नाही. इथे लिहिणारा, शिवणारा, रंगवणारा, सुतार, वीजवाला, चहावाला अशा किती हातांना काम मिळेल, त्याचा विचार करावा. मागावर मंदी आली की हेच हात रिकामे होतात.

मालेगावच्या तरुणांनी पाव शतकापूर्वी बैलगाडीची क्रेन करून आपले हुनर सिद्ध केले. त्यांना भांडवल आणि कागदपत्रे यांची साथ मिळाली नाही. ती देणे व्यापाऱ्यांच्या हातात आहे. थिएटरच्या दारावरचे पोस्टर वाचताना यापुढे चित्रपटाच्या नावाखाली मालक म्हणून कोणाचे नाव आहे, तेही वाचावे. ते नाव आपल्या शहरातले असेल, त्या दिवशी तिकिटाचा पैसाही शहरातच राहील.