आधी डोळ्यांनी, मग फोटोत



मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. गुलाबी, जांभळे, निळे ढग आणि मध्ये चमकणारे तारे. माझं मत मात्र असं आहे की हा फोटो आधी बघूच नये. आधी आकाश बघावं.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. गेल्या हिवाळ्यात वर्गात हा फोटो दाखवला आणि रात्री मुलांना मैदानावर बोलावलं. दुर्बिणीला डोळा लावून एक मुलगी म्हणाली, "सर, एवढंच?" तिला राखाडी धुरकट डाग दिसला होता. डाग खरा होता, पण मी तिच्या मनात आधीच रंग भरून ठेवले होते.

तुम्ही ही चूक करू नका. जूनमध्ये 'मृग लागला' असं आपण म्हणतो, तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते रात्री दिसत नाही. त्यासाठी डिसेंबर ते मार्च हे महिने चांगले. फेब्रुवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून वर पाहा. एका ओळीतले तीन ठळक तारे म्हणजे हरणाला लागलेला बाण. ती ओळ डावीकडे खाली वाढवली की तेजस्वी व्याध सापडतो. आता बाणाच्या खाली बघा. अंधुक ठिपक्यांची छोटी उभी रांग दिसेल. तिच्यातला मधला ठिपका धूसर वाटतो ना? तोच आपला तेजोमेघ!

मोठी दुर्बीण नाही म्हणून अडून बसू नका. १०×५० ची साधी द्विनेत्री दुर्बीण पुरते. हात हलू नये म्हणून कोपर भिंतीवर टेकवा. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. अंधारात वीस-तीस मिनिटं थांबा, मोबाईल खिशातच राहू द्या. टॉर्च लागलाच तर त्यावर लाल जिलेटीन कागद गुंडाळा. आणि एक गंमत करून बघा: डागाकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा. तो जास्त पसरलेला दिसेल. लहान खगोलीय दुर्बिणीतून ५० पट मोठं करून पाहिलं, तर मध्यभागी चार ताऱ्यांचा छोटा चौकोनही दिसतो.

मग रंग कुठे गेले? अंधारात आपण डोळ्यांतल्या दंडाकार पेशींनी पाहतो आणि त्यांना रंग ओळखता येत नाहीत. बुबुळासमोरच्या मध्यभागापेक्षा त्या बाजूला जास्त असतात, म्हणूनच तिरकं बघायचं. कॅमेरा मात्र मिनिटामिनिटांचा प्रकाश साठवतो. हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, तेव्हा ५१ मिनिटं प्रकाश जमवावा लागला होता. म्हणजे फोटो खोटा नाही आणि आपला डोळाही खोटा नाही. दोघांची बघण्याची रीत वेगळी. एका 'एवढंच?' मध्ये केवढा मोठा धडा दडलाय बघा!

आणि तो डाग म्हणजे काय? तिथे वायू आणि धुळीतून आजही नवे तारे जन्माला येत आहेत. चौकोनातल्या तप्त, तरुण ताऱ्यांमुळे भोवतीचा वायू उजळतो. हे सगळं आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर आहे. आज तुमच्या डोळ्यात शिरणारा प्रकाश निघाला, तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. मोबाईलच्या पडद्यावरचा प्रकाश पडद्याचा असतो, हा मात्र थेट तिथून आलेला असतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

शिक्षक आणि पालकांनाही एक विनंती. शाळेची दुर्बीण विज्ञान दिनापुरती कपाटाबाहेर काढू नका. मुलांना एक रात्र द्या. दिसेल तसं वहीत पेन्सिलीने काढू द्या, तारीख-वेळ लिहू द्या. फोटो दुसऱ्या दिवशी दाखवा.

मग कुणी 'एवढंच?' विचारणार नाही. "हे सगळं त्या डागात होतं?" असं विचारतील. विज्ञान शिकणं सुरू होतं ते अशाच प्रश्नापासून.