सुट्टी मंजूर : बार्सिलोनातले गोविंदा

गोरेगाव-जोगेश्वरी पूर्वेला, आरे कॉलनीच्या कडेकडेने राहणाऱ्या पब्लिकला हे वेगळं सांगायला नको. गुरुपौर्णिमा झाली, की रात्री ऑफिसातून परतताना रिक्षा जेव्हीएलआरवर अडकते आणि आसपासच्या कुठल्या तरी मैदानातून शिट्टी ऐकू येते. गोविंदांची प्रॅक्टिस सुरू! याच जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर रचून ४३.७९ फुटांचा गिनेस विक्रम केला. १६ ऑगस्ट २०२५ ला जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने ठाण्यात चक्क दहा थर लावले.

मग या आठवड्यात बार्सिलोना कुठून आलं? तर बॉस, समुद्र, गौडीच्या इमारती आणि मेस्सीचा जुना क्लब एवढ्यासाठीच तिथे जाणार असाल, तर तुमच्या ओळखीची एक गोष्ट हुकेल. कॅटलोनियातही थर लागतात. त्यांना म्हणतात कास्तेल, म्हणजे किल्ला. हंडी नाही, लोणी नाही, पाण्याचे फवारे नाहीत. फक्त माणसांवर माणसं. सुरुवात झाली वाल्स नावाच्या गावात, दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी. २०१० मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. दहा थरांचा मनोरा तिथे १९९८ मध्येच उभा राहिला होता.

जायचं कधी?

सप्टेंबरच्या शेवटी. २४ सप्टेंबर हा मर्से देवीचा दिवस, बार्सिलोनाचा सगळ्यात मोठा उत्सव. त्या दिवसांत सांत जाऊमा चौकात, महापालिकेच्या समोरच, मनोरे उभे राहतात. तिकीट नाही, पास नाही. फक्त लवकर पोचायचं. दादरला फलाटावर उभं राहण्याचा अनुभव असेल तर गर्दीचं टेन्शन नको! सम वर्षी गेलात तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला तारागोनाची मोठी स्पर्धाही गाठता येईल. ती जुन्या बुलरिंगमध्ये भरते आणि तिला मात्र तिकीट लागतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हा बॉसकडे रजा आधी मागा, विमानाचं नंतर बघू.

बघायचं काय?

सगळे वर बघतात. तुम्ही खाली बघा. तळाशी शेकडो माणसं एकमेकांच्या पाठीला छाती लावून गोल दाटतात. त्याला म्हणतात पिन्या. त्यात पथकाचे जुने खेळाडू, कॉलेजची मुलं, आजोबा, आज्या सगळे असतात. ही गर्दी मनोऱ्याचं वजन पेलते आणि वरचा कोणी पडलाच तर झेलतेही. पिन्यातल्या माणसाला एक कडक नियम असतो : वर बघायचं नाही! हनुवटी छातीशी, मान खाली. वरून कोणी कोसळलं तर मान वाचावी म्हणून.

मग खालच्याला कळतं कसं, की मनोरा कुठवर आला? संगीतातून! ग्राल्या नावाचं सनईच्या जातीचं वाद्य वाजत असतं. पाया पक्का बसेपर्यंत वाद्यं गप्प आणि चौकही शांत. प्रमुखाने खूण केली की सूर सुरू होतात. शेंड्यावरच्या पोराने हात उंचावला की चाल बदलते. म्हणजे डोळे जमिनीकडे लावून उभ्या असलेल्यांना तो सूर बातमी देत असतो. आपल्याकडे डीजेच्या भिंतीखाली प्रमुखाची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही, हे त्या वेळी आठवल्याशिवाय राहत नाही.

आपली भाषा तिथेही चालते. आपल्याकडे शेंड्याला एकावर एक, एकेकटी माणसं उभी राहिली की 'एक्के' म्हणतात. तिथे तळापासून एकेकच माणूस असलेल्या मनोऱ्याला पिलार म्हणतात. 'तीन बाय नऊ' म्हणजे प्रत्येक थरात तीन माणसं आणि थर नऊ. अगदी वर मात्र माणसं कमी होतात आणि शेवटी एकटं चिमुरडं उरतं. त्याचं नाव अंशानेता. कमरेचा लांबलचक काळा पट्टा पाठ सांभाळतो आणि वर चढणाऱ्याला पाय ठेवायला पायरीही देतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची टिप : टाळ्या उशिरा वाजवा. अंशानेता वर पोचली, हात उंचावला, की मनोरा 'चढला' एवढंच नोंदवलं जातं. सगळे सुखरूप खाली आले तरच तो 'उतरला' आणि स्पर्धेत जास्त गुण त्यालाच. त्यामुळे जाणकार तिथे शेवटचा माणूस उतरेपर्यंत श्वास रोखून असतात. थकलेले पाय खरे तेव्हाच थरथरतात.

तिथलं सगळंच आदर्श आहे असं समजू नका. शेंड्यावर अजूनही लहान मुलं जातात, आणि हार्नेस नसतो. २००६ साली मतारोच्या पथकातल्या एका मुलीचा अपघातात जीव गेला. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. आपल्याकडे २०१७ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना थरात उभं करता येत नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जाही दिला. तरी दर गोकुळाष्टमीला हॉस्पिटलात गोविंदा भरती होतातच. लाखांची बक्षिसं वरच्या थराकडे बघून लागतात. उतरण्याचे गुण कोणी मोजत नाही. बार्सिलोनाहून परतताना बॅगेत आणायची वस्तू असेल तर ही!

थोड्या फुटकळ टिप्स

एक, 'स्पॅनिश दहीहंडी' म्हणू नका. तिथे कॅटलान भाषा आहे आणि तिचा अभिमानही आहे. 'ग्रासियास'ऐवजी 'ग्रासिएस' म्हणालात तर समोरचा नक्की हसेल. वडापावला कोणी 'इंडियन बर्गर' म्हटलं की तुम्हाला कसं वाटतं, ते आठवा.

दोन, पथकांच्या सरावाला बाहेरच्यांनाही बऱ्याचदा प्रवेश मिळतो. आधी ईमेल टाकून विचारा. नशीब असेल तर पिन्यात उभंही करतील. घड्याळ, चष्मा, चेन काढून ठेवा आणि मान खाली!

तीन, जेवण रात्री नऊनंतर. सात वाजता भूक लागली तर टोमॅटो चोळलेला पाव मागा. शाकाहारी मंडळींचा तारणहार.

चार, हिवाळ्यात गेलात तर वाल्सला जा. तिथे जानेवारी ते मार्च काल्सोत नावाचा पातीचा कांदा द्राक्षवेलींच्या काटक्यांवर भाजतात. वरचं काळं साल ओढून काढायचं, चटणीत बुडवायचं, मान वर करून तोंडात सोडायचं. हात काळे, तोंड काळं... अगदी आपली हुरडा पार्टी.

पाच, ला राम्ब्लावर सॅक पाठीवर नको, पोटावर. लोकलने शिकवलंय ते विसरू नका.

आणि बार्सिलोनाचं बजेट यंदा बसत नसेल, तरी हरकत नाही. गुरुपौर्णिमेनंतर एका रात्री रिक्षा मध्येच सोडा आणि शिट्टी ऐकू येईल त्या मैदानात शिरा. खालच्या थरातले खांदे बघा, आणि शेवटचा पोरगा जमिनीवर टेकेपर्यंत थांबा. मग वाजवा टाळ्या, अगदी जोरात!