कुंग फू आणि पहिला नंबर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दिवाळी आली, पाहुणे आले... ही सगळी सांगायची कारणं. खरं कारण असं की गेले दोन महिने मी कुंग फूचे सिनेमे बघत होते. हसा खुशाल! त्र्याहत्तराव्या वर्षी, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी, खालच्या इंग्रजी ओळी वाचत, मध्येमध्ये 'थांबव रे जरा' म्हणत अकरा सिनेमे पाहिले.

झालं असं की भाऊबिजेला धाकटा भाऊ आला होता. जेवणं झाली, पानं उचलली आणि नातवाचं आणि त्याचं जुंपलं. विषय : कुंग फूच्या जुन्या सिनेमांत पहिला नंबर कुणाचा? भाऊ म्हणे, 'एंटर द ड्रॅगन'. त्याच्यापुढे बाकीचे सगळे पोरखेळ. नातू म्हणे, जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर'. सूनबाईंनी 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' म्हटलं, तर दोघांनी मिळून तिला गप्प केलं. तो २००० सालचा, त्यात तलवारी आहेत, म्हणजे तो 'वूशिया', कुंग फू नव्हेच! शेवटी भाऊ म्हणाला, "ताई, तू आयुष्यभर पेपर तपासलेस. आता हेही तपास." झालं, माझी परीक्षक म्हणून नेमणूक झाली. मानधन शून्य.

नमनाला घडाभर तेल पुरे. मुद्द्यावर येते.

कुंग फू हा शब्द मुळात मारामारीचा नाहीच. चिनी भाषेत त्याचा अर्थ वेळ आणि कष्ट घालून कमावलेलं कौशल्य. स्वयंपाकीणबाईंच्या हातातही कुंग फू असू शकतं आणि अक्षर गिरवणाऱ्याच्या हातातही. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा सुंदर शब्द आहे, तालीम. कुस्तीचीही तालीम आणि नाटकाचीही. म्हणून माझं पहिलं मत असं, की हे सिनेमे कुणी कुणाला किती मारलं यावर तपासायचेच नाहीत. कोण काय शिकलं आणि ते कसं शिकलं, यावर तपासायचे. (नातू म्हणाला, "आजी, हे म्हणजे क्रिकेटच्या मॅचला नेट प्रॅक्टिसवरून मार्क देण्यासारखं आहे." म्हणू दे. परीक्षक मी आहे.)

या हिशोबात 'द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) मला फार वर वाटतो. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचा हा सिनेमा. दिग्दर्शक लाऊ कार-ल्युंग, नायक गॉर्डन लिऊ. यातला तरुण जुलमी राजवटीतून जीव वाचवून शाओलिनच्या मठात येतो. तिथे ३५ दालनं, म्हणजे आपल्या भाषेत ३५ इयत्ता. याला घाई. म्हणतो, मला सर्वांत वरच्या दालनातच बसवा. बसवतात. तिथे म्हातारे भिक्षू सूत्रपठण करत बसलेले. याला ओ की ठो कळत नाही, आणि तो बाहेर फेकला जातो. मग मुकाट्याने तळापासून सुरुवात. पहिली परीक्षा काय, तर जेवणघराकडे जायच्या वाटेवरच्या पाण्यात तरंगणाऱ्या लाकडांवर पाय देऊन पलीकडे जायचं. पडलास तर भिजशील, आणि भिजलेल्याला जेवण नाही. पुढे पाण्याच्या बादल्या हात ताठ पसरून वाहायच्या, आणि हात खाली आले तर टोचतील अशी पाती दंडाला बांधलेली. सिनेमाचा मोठा भाग हे शिकणंच आहे, आणि ते बघताना मी पापणी हलवली नाही. पहिलीच्या वर्गात 'ग' गिरवणारं पोर आणि हा नायक यांत मला काही फरक दिसेना.

शेवट तर बाईमाणसाला, म्हणजे शाळेतल्या बाईला, रडवणाराच. सगळं शिकून झाल्यावर हा म्हणतो, मला छत्तिसावं दालन काढायचंय, मठाबाहेरच्या साध्या लोकांना शिकवण्यासाठी. मठाच्या नियमात ते बसत नाही. मग शिक्षेच्या निमित्ताने त्याला बाहेर पाठवतात, आणि ती शिक्षाच त्याची परवानगी ठरते. हे सगळं त्या दिग्दर्शकाच्या घरातलंच होतं. लाऊ कार-ल्युंगचे वडील ज्यांचे शिष्य, ते लाम साइ-विंग हे वाँग फेइ-हुंग (१८४७-१९२५) यांचे शिष्य. गॉर्डन लिऊही त्या वडिलांकडेच शिकलेला. आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखीच ही परंपरा. म्हणून त्यातली तालीम खोटी वाटत नाही.

नातवाचा 'ड्रंकन मास्टर' (१९७८) यातल्याच वाँग फेइ-हुंगच्या तरुणपणावर रचलेला, पण विनोदी. दिग्दर्शक युएन वू-पिंग, आणि दारुड्या गुरुजींच्या भूमिकेत त्याचे सख्खे वडील. जॅकी चॅनला उलटं टांगून खालच्या भांड्यातलं पाणी चिमुकल्या कपांनी वरच्या भांड्यात भरायला लावतात, बोटांनी अक्रोड फोडायला लावतात. मला आवडलं ते वेगळंच. आठ मद्यधुंद देवतांच्या नावाने आठ प्रकार शिकायचे असतात. आठवी देवता बाई आहे. हा म्हणतो, बायकी हालचाली कोण शिकणार, आणि तो धडा ऑप्शनला टाकतो! शेवटच्या लढाईत नेमका तोच पेपरात येतो. पस्तीस वर्षं मी वर्गात घसा फोडून जे सांगितलं, ते या पोराने पाच मिनिटांत दाखवलं. नातवाला मी पैकीच्या पैकी दिले असते, पण एक मोठा आक्षेप आहे.

या सिनेमांत गुरूचा मार फार गोड करून दाखवतात. छडी लागे आणि विद्या येई, असा सगळा मामला. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ हे तिघं लहानपणी हाँगकाँगच्या एका चिनी ऑपेराच्या शाळेत वाढले. तिथली शिस्त वेताच्या छडीची होती. १९८८ च्या 'पेंटेड फेसेस' या सिनेमात त्या शाळेची गोष्ट आहे आणि तिथल्या गुरुजींचं काम खुद्द सॅमो हंगने केलंय. ज्याचा मार खाल्ला त्याचीच भूमिका! तो बघताना मला माझी लाकडी पट्टी आठवली. मीही मारलंय, मंडळी. भेटणारे विद्यार्थी म्हणतात, 'बाई, तुमच्या पट्टीमुळेच घडलो.' मला ते आता ऐकवत नाही. जे घडले ते येऊन भेटतात. जे मोडले ते कशाला येतील? तेव्हा या एका बाबतीत सगळ्याच सिनेमांचे माझ्याकडून मार्क वजा.

सूनबाईंची बाजूही घेते. १९६६ च्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये चेंग पेइ-पेइ नावाची जेमतेम विशीतली मुलगी खानावळीत एकटी बसते आणि भोवतीच्या गुंडांना पुरून उरते. ती नृत्य शिकलेली होती, आणि दिग्दर्शक किंग हूने तिच्या लढण्याला तो ताल दिला. पुढे 'क्राउचिंग टायगर'मधली दुष्ट जेड फॉक्सही तिनेच केली. २०२४ मध्ये ती गेली. तलवारवाले वेगळे आणि हातापायांनी लढणारे वेगळे, हा भेद खरा आहे, मान्य. मग तुकड्या वेगळ्या करा, अ आणि ब. पण मुलीला वर्गाबाहेर काढू नका.

आता भावाचा 'एंटर द ड्रॅगन'. सिनेमा म्हणून कथा बेताचीच, एका बेटावर स्पर्धा आणि खलनायक. ब्रूस ली २० जुलै १९७३ ला हाँगकाँगमध्ये वारला, अवघा ३२ वर्षांचा. पुढच्या महिन्यात हा अमेरिकेत लागला आणि जगभर गाजला. पण त्याने तो लागलेला पाहिला नाही. मला त्याचाच 'द वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) जास्त भावला. त्यात तो चक नॉरिसला हरवून मारतो, आणि मग त्याचाच कोट त्याच्या अंगावर नीट पांघरतो, गुडघे टेकतो. मी भावाला फोनवर तसं सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, तुला आठवतं, मी मॅट्रिकला नापास झालो त्या वर्षी तू मला सिनेमाला नेलं होतंस?"

मला आठवत होतं. मी नुकतीच नोकरीला लागले होते. आमच्या घरात मी पहिल्या नंबराची आणि तो नापास, एवढीच आमची ओळख पाहुण्यांना करून दिली जायची. तो म्हणाला, "पडद्यावर एक किडकिडीत माणूस होता, आपल्यासारखाच आशियातला. आणि हॉलिवूडच्या सिनेमाचा तो हिरो होता. मला वाटलं, आपलंही काहीतरी होईल. त्याला पहिला नंबर आहे तो त्याचा."

यावर परीक्षकाने काय बोलावं? त्याच्या यादीत तो पहिलाच राहू दे. त्याने कारण दिलं आहे.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. शेवटचा पाहिला तो 'द प्रॉडिगल सन' (१९८१), सॅमो हंगचा. फोशान गावातला एक श्रीमंताचा मुलगा (युएन बियाओ) स्वतःला मोठा योद्धा समजतो, कारण तो कधी हरलेला नाही. खरी गोष्ट अशी की त्याला काही होऊ नये म्हणून त्याचा बाप नोकराकरवी प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला आधीच पैसे चारतो. गावात नाटकमंडळी येते. त्यातला स्त्रीपार्टी नट (लाम चिंग-यिंग) पैसे घेत नाही आणि याला सरळ आडवा करतो. त्या दिवशी त्याला कळतं की आपले सगळे पहिले नंबर विकत आणलेले होते.

नातवाने सिनेमा थांबवला, म्हणाला, "आजी, रडतेस काय? कॉमेडी आहे ही."

सांगते. १९८० नंतरची गोष्ट. मी नववीची वर्गशिक्षिका. वर्गात एक मुलगा, वडील शाळेच्या कमिटीशी संबंधित. वार्षिक परीक्षेत तो दुसरा येत होता. वरून निरोप आला, मराठीचा पेपर 'पुन्हा एकदा नजरेखालून घाला'. गणिताच्या बाईंना असा निरोप कुणी पाठवला नाही, कारण गणिताचं उत्तर बरोबर तरी असतं नाहीतर चूक. निबंधाचे मार्क वाढवायला कारण लागत नाही. मी सहा मार्क वाढवले. तो पहिला आला. जी मुलगी खरी पहिली होती, ती दोन दिवसांनी माझ्या टेबलापाशी आली. "बाई, माझं काय चुकलं?" मी तिला म्हटलं, "अक्षर सुधार."

तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

त्या मुलाचाही मी घातच केला. पुढच्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेत त्याला खूपच कमी मार्क पडले. पेढे द्यायला तो शाळेत आला नाही. सिनेमातल्या पोराला निदान नटाने आडवं करून खरं सांगितलं, आणि मग तो त्याच्याच मागे शिकायला गेला. आमच्या पोराला कुणीच काही सांगितलं नाही. हे मी आजवर घरात कुणाला बोलले नव्हते. त्या संध्याकाळी नातवाला सांगितलं. त्याने हसण्यावारी नेलं नाही, याचं बरं वाटलं.

तेव्हा नंबर लावण्याच्या मी विरुद्ध आहे असं कुणी समजू नका. आवडत्या सिनेमांचे नंबर लावण्यात गंमत आहे, आणि सिनेमाला त्याचं वाईटही वाटत नाही. ब्रूस ली पाचवा आला म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. त्या भांडणापायीच मी अकरा सिनेमे पाहिले. माझं म्हणणं एवढंच, की नंबराशेजारी कारण लिहिलेलं हवं. कारण नसलेला नंबर विकता येतो, दडपता येतो, फिरवता येतो. कारण लिहायचं म्हटलं की हात थांबतो. मला त्या दिवशी सहा मार्कांशेजारी एक ओळ लिहावी लागली असती, तर ते मार्क मी देऊ शकले नसते.

तर निकाल असा : तुकडी अ मध्ये 'थर्टीसिक्स्थ चेंबर' पहिला, कारण त्यात शिकणं हीच गोष्ट आहे. 'ड्रंकन मास्टर' दुसरा, ऑप्शनच्या धड्यासाठी. 'वे ऑफ द ड्रॅगन' तिसरा, त्या पांघरलेल्या कोटासाठी. तुकडी ब मध्ये 'कम ड्रिंक विथ मी', तालासाठी. 'प्रॉडिगल सन'चा निकाल राखून ठेवला आहे. तो तपासायचा अधिकार माझा नाही.

तुमच्याही याद्या येऊ द्यात, भाचेमंडळींनी आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनीही. प्रत्येक नंबराशेजारी एक ओळ कारण लिहायचं. नुसते नंबर पाठवलेत तर बाई शून्य देतील. (हलके घ्या!)