ट्यूबमधली घाई

दाढीसाठी क्रीम चांगलं की साबण, असं विचारलं की बहुतेक लोक ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून हात झटकतात. मला हे मान्य नाही. आवड वासाची असते. चंदन की लिंबू यावर मी कुणाशी भांडणार नाही. पण ब्रश आणि एका पात्याचा रेझर घेऊन दाढी करायची असेल, तर घरात साबणाची वडीच हवी. क्रीमची ट्यूब प्रवासाच्या बॅगेत ठीक आहे.

क्रीमवाल्यांचा हुकमी मुद्दा एकच: साबणाला वेळ लागतो. लागतोच. ब्रश भिजवा, वडीवर अर्धा मिनिट फिरवा, मग गालावर थेंब थेंब पाणी घेत फेस करा. क्रीमचं बदामाएवढं बोट ट्यूबमधून काढलं की वीस सेकंदांत चेहरा पांढरा. माझं म्हणणं असं की ज्याला तुम्ही वाया गेलेला वेळ म्हणता, निम्मी दाढी त्यातच होते.

कारण दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. पाणी शोषलं की तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याला फार कमी जोर लावावा लागतो. हे शोषण लगेच होत नाही. कोमट पाण्यात साधारण दोन मिनिटं जावी लागतात. साबण तुम्हाला ती दोन मिनिटं थांबायला लावतो, कारण त्याआधी फेसच नीट होत नाही. क्रीम वीस सेकंदांत ‘तयार’ असल्याची बतावणी करतं. फेस तयार असतो, केस नसतो. मग तुम्ही पातं दाबता, एकाच जागेवरून चारदा ओढता, मानेवर पुळ्या येतात, केस आत वळतात आणि तुम्ही पाच पात्यांचा महाग रेझर विकत घेता. घाईचा खर्च असा वाढत जातो.

‘क्रीम लावूनही दोन मिनिटं थांबता येतंच की.’ येतं. पण सकाळी आठ-दहाची लोकल किंवा ऑफिसची बस गाठायची असताना तोंडाला तयार फेस फासून कोण थांबतं? ज्या वस्तूची जाहिरातच ‘झटपट’ या शब्दावर चालते, ती वापरताना माणूस झटपटच वागतो.

इथे कुणीतरी सलूनचा दाखला देणार. सलूनमध्ये तर क्रीमच वापरतात आणि दाढी घरच्यापेक्षा गुळगुळीत होते! अगदी खरं. पण पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा मोबाइल खिशात ठेवून बघा. कारागीर आधी पाण्याचा फवारा मारतो, हाताने खुंट चोळतो, मग ब्रश फिरवत राहतो. गाल, हनुवटी, गळा, पुन्हा गाल. मधेच गिऱ्हाइकाशी राजकारणावर बोलतो, तेव्हाही ब्रश थांबत नाही. त्याच्या हाताने पाळलेली शिस्त ट्यूबच्या नावावर जमा करू नका. ती शिस्त ज्याच्या अंगात नाही, म्हणजे तुम्ही आणि मी, त्याला ती साबण लावतो.

आता थोडं रसायन. तेलातली आम्लं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड यांचा साबण मऊ होतो आणि पाण्यात लवकर विरघळतो. सोडियम हायड्रॉक्साइडने तो घट्ट होतो. क्रीममध्ये मुख्यतः पहिला प्रकार असतो, दाढीच्या वडीत बहुधा दोन्हींचं मिश्रण. म्हणजे क्रीम आणि वडी एकाच घराण्यातली आहेत, आणि फरक बराचसा पाण्याचा आहे. ट्यूबच्या मागे घटकांची यादी वाचा. यादी उतरत्या प्रमाणात असते आणि पहिलं नाव बहुतेक वेळा पाण्याचं असतं. नळाला येणारी वस्तू मी ट्यूबमध्ये भरून, वर प्लॅस्टिकचे पैसे देऊन, का घ्यावी? रोज दाढी करूनही माझी एक वडी पाच-सहा महिने सहज जाते.

(आंघोळीचा साबण मात्र गालाला लावू नका. त्याचा फेस रेझर उचलेपर्यंत बसतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, म्हणून त्याचा फेस टिकतो. दाबाच्या डब्यातल्या फोमबद्दल बोलायचं तर त्यात हवाच जास्त, आणि त्याला ब्रशही लागत नाही. तो या वादात बसतच नाही.)

साबणाची खरी अडचण पाण्याची आहे. ज्यांच्याकडे धरणाचं पाणी येतं, त्यांना हे कळणार नाही. शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत टँकर आणि बोअरच्या जड पाण्यावर दिवस काढणाऱ्यांना विचारा. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून पांढरट चोथा होतो, फेस उठत नाही, आणि मग लोक ‘साबण बेकार’ म्हणून ट्यूबकडे वळतात. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं एक वाटी पाणी कोमट करून घ्या. दाढीला तेवढं पुरतं. फेस घुसळलेल्या दह्यासारखा हवा. चक्क्यासारखा झाला तर पाणी कमी, कपड्यांच्या बादलीतल्या बुडबुड्यांसारखा झाला तर जास्त.

माझं दुसरं भांडण साबणवाल्यांशीच आहे. आपल्याकडे आजोबांची गोल वडी ‘जुनाट’ म्हणून मोरीतून हद्दपार झाली. आता तीच लाकडी वाडग्यात बसून, लंडनचा पत्ता लावून, हजारोंच्या भावात परत आली आहे आणि तरुण मुलं तिचे फोटो काढताहेत. त्यात पुन्हा चरबीचं वेड. खरा साबण म्हणे प्राण्यांच्या चरबीचाच. अनेक नावाजलेल्या परदेशी वड्यांवर ‘सोडियम टॅलोवेट’ लिहिलेलं असतं. टॅलो म्हणजे गाय-बैल किंवा मेंढीची वितळवलेली चरबी. ज्याला चालते त्याने खुशाल वापरावी. पण चरबीशिवाय चांगला साबण होत नाही, हे मुंबईत तरी कुणी सांगू नये. अर्देशिर गोदरेज यांनी १९१८च्या सुमारास इथेच वनस्पती तेलापासून, चरबी न वापरता, आंघोळीचा साबण बाजारात आणला होता. दाढीच्या फेसाला लागणारं स्टिअरिक आम्लही पामतेलापासून मिळतं. वीस वड्यांचा संग्रह करणाऱ्याने साबण जिंकवलेला नाही. त्याने दुकान बदललंय, इतकंच.

तेव्हा एक साधी वडी, एक बरा ब्रश (कृत्रिम केसांचा चालतो, लवकर वाळतो) आणि एक खोलगट स्टीलची वाटी घ्या. पहिला आठवडा चिडचिड होईल. वापरून झाल्यावर वाटीतलं पाणी काढून टाका, नाहीतर वडी लिबलिबीत होते. संपत आलेला पातळ तुकडा मी नव्या वडीवर ओला करून दाबून बसवतो, दोन दिवसांत तो तिचाच होऊन जातो. ट्यूबच्या कोपऱ्यात अडकलेल्या शेवटच्या क्रीमसाठी मात्र कात्री शोधावी लागते.