बुडत्याला बाटलीचा आधार

लोखंडाचा खिळा बुडतो, मग लोखंडाचं जहाज कसं तरंगतं? हा प्रश्न मी आमच्या विंगमध्ये चार-पाच जणांना विचारून पाहिला. एकजण म्हणाला, "जहाज मोठं असतं ना!" दुसरा म्हणाला, "समुद्र खोल असतो म्हणून." तिसरा नुसतं "आर्किमिडीज" एवढंच म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेला. हे सगळे फ्लुइड मेकॅनिक्स पास झालेले आहेत. जर्नलवर सरांच्या सह्याही आहेत. पण त्यांना हसायचा मला अधिकार नाही. दोन वर्षांपूर्वी माझं उत्तर याहून बरं नव्हतं आणि त्याची किंमत आमच्या ग्रुपला जवळजवळ मोजावी लागली होती.

झालं असं, की परीक्षा संपल्यावर आम्ही सहाजण एका धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. कमरेएवढ्या पाण्यात फोटो काढणं चाललं होतं. आमच्यातला एकजण दोन पावलं मागे सरकला आणि पायाखालचा तळच संपला. तो हात वर करून ओरडायला लागला. ओरडला की खाली, वर आला की पुन्हा हात वर, की पुन्हा खाली. आधी आम्हाला वाटलं मस्करी करतोय. नाही हे कळलं तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे, कारण पोहता कोणालाच येत नव्हतं. म्हशी धुवायला आलेल्या एका काकांनी आमचा पाच लिटरचा रिकामा कॅन उचलला, बूच घट्ट आवळलं आणि त्याच्याकडे फेकला. "धर त्याला! छातीशी धर! हात खाली घे!" मग म्हशीचा कासरा टाकून त्याला ओढून काढला. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. नंतर काका आम्हाला म्हणाले, "कालेजात शिकता न्हवं? मग एवढं शिकवत न्हाईत व्हय?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आज देतो. शिकवतात काका. नववी-दहावीपासून शिकवतात. आम्हीच ते कागदावर ठेवून आलो.

मुळात जड-हलकं हा प्रश्नच नाही. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. वस्तूने एक लिटर जागा अडवली आणि तिचं वजन एक किलोपेक्षा जास्त असेल तर ती बुडणार, कमी असेल तर तरंगणार. लोखंडाचं एक लिटर म्हणजे जवळजवळ पावणेआठ किलो, म्हणून खिळा तळाला. जहाजाच्या पोटात मात्र बहुतेक हवाच असते, त्यामुळे अख्ख्या जहाजाची सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी येते. तरंगणाऱ्या वस्तूचा किती भाग पाण्याखाली राहणार, हेही घनतेचं गुणोत्तरच सांगतं. बर्फाची घनता पाण्याच्या 0.92 पट, म्हणून सरबतातल्या बर्फाचा 92 टक्के भाग आत आणि 8 टक्के वर. बस्स, एवढंच. ही पाच मार्कांची थिअरी झाली.

आता याच सूत्रात जहाजाच्या जागी स्वतःला घाला. समजा तुमचं वजन 65 किलो आहे. छाती भरून श्वास घेतला तर तुमचं आकारमान साधारण 67 लिटर होईल. पूर्ण श्वास सोडला तर 63. म्हणजे घनता एकदा 0.97 आणि एकदा 1.03. मधली रेषा 1. आपण तरंगणार की बुडणार हे चार लिटर हवेवर ठरतं! ओरडायचं म्हणजे काय करायचं? हवा सोडायची. आमचा मित्र एकेका आरोळीने आपलं उत्प्लावक बल बाहेर फेकत होता.

आता पुढचं गणित बघा. श्वास भरलेला असताना 3 टक्के शरीर पाण्यावर राहतं, म्हणजे दोन लिटर. पण नुसतं डोकंच चार-पाच लिटरचं असतं. म्हणजे उभं राहून पूर्ण डोकं पाण्याबाहेर ठेवणं स्थिर पाण्यात आपोआप शक्यच नाही. मान मागे टाकून, कान पाण्यात बुडवून फक्त चेहरा वर ठेवला तरच हिशोब जमतो. आणि दोन्ही हात? ते शरीराच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा. हात वर केले की सहा-साडेसहा किलो वजन पाण्याबाहेर आलं, त्याला उचलणारं पाणी गेलं. शिल्लक आपल्याकडे दोनच किलोची. उरलेलं डोकं भरून काढतं, म्हणजे तेच खाली जातं. "वाचवा" म्हणून हात वर करणं ही माणसाची सर्वांत नैसर्गिक आणि सर्वांत घातक कृती आहे. काका "हात खाली घे" का ओरडले ते मला फार उशिरा कळलं.

पाणी बदललं की उत्तरही बदलतं. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025 च्या आसपास, त्यामुळे दोनऐवजी साडेतीन लिटर शरीर वर राहतं. मृत समुद्रात ती 1.24 पर्यंत जाते, म्हणून तिथे लोक आरामात उताणे पडून पेपर वाचताना दिसतात. याच्या उलट, पावसाळ्यात आपण ज्या धबधब्याखाली आणि सांडव्याखाली नाचायला जातो, तिथलं पांढरंशुभ्र पाणी. ते पांढरं दिसतं कारण त्यात हवेचे बुडबुडे असतात. दहा टक्के हवा मिसळली तर त्याची घनता 0.9 वर येते. मग छाती कितीही फुगवा, 0.97 चा माणूस 0.9 च्या पाण्यात बुडणारच. शिवाय वरून पाण्याचा मार असतो तो वेगळाच. तिथे पट्टीचा पोहणाराही हतबल होतो.

आपल्याकडे म्हणतात, पाण्यात पडलं की पोहता येतं. पहिला जॉब, पहिलं स्टेज, पहिली ओरल, सगळ्याला हेच लावतात. तिथे लागू असेल. पाण्याला मात्र लागू नाही. गावाकडे विहिरीत पोरं पोहायला शिकत ती अशी पडून नव्हे. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, काठावर एक जाणता माणूस उभा करून शिकत. घनता हा शब्द त्यांना माहीत नसेल, पण काम तेच होतं. दुसरी म्हण, बुडत्याला काडीचा आधार. काडी खरंच काही उपयोगाची नाही. पण कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली, बूच लावलेली, स्वतः जेमतेम 50 ग्रॅमची आणि उचलते जवळजवळ दोन किलो. अशा दोन बाटल्या छातीशी धरल्या आणि हात खाली ठेवले तर शांत पाण्यात चेहरा वर ठेवायला पुरतात. ट्रिपहून परतताना याच बाटल्या आपण झुडपात फेकून येतो.

यावर कोणी म्हणेल, एवढी भीती कशाला घालतोस? 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडून गेले. तेही आपल्यासारखेच फोटो काढायला, लाटांत भिजायला गेले होते. तिथे भरती होती, ओढ होती, तरंगता आलं असतं तर सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण आपण हातात काहीच न घेता पाण्यात उतरतो, हे कबूल करायला काय हरकत आहे?

गंमत बघा. ब्रिटनमध्ये 1876 साली सॅम्युएल प्लिम्सॉलच्या खटपटीने जहाजांवर भाररेषा रंगवणं कायद्याने सक्तीचं झालं. आज जहाजाच्या कुशीवर गोड्या पाण्याची रेघ वेगळी, खाऱ्या पाण्याची वेगळी असते, कारण घनता वेगळी. आपल्या लॅबमध्येही टाकीत जहाजाचं मॉडेल तरंगवून मेटासेंट्रिक हाईट काढतात. रीडिंग चुकलं तर शेजारच्याचं छापतात. जहाजाची एवढी काळजी आणि ते मॉडेल तरंगवणाऱ्याला स्वतः तरंगता येतं का, हे कोणी विचारलेलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. होस्टेलच्या प्रत्येक मुलामुलीला पहिल्या वर्षात तरंगायला शिकवावं. पोहायला नंतर शिकू. जिमखाना फी आपण भरतोच, त्यातून स्विमिंग टँकवर चार संध्याकाळी बसवता येतील. कॉलेजच्या बसमध्ये दहा मीटर दोर आणि बूच लावलेला कॅन असावा. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या वाटेत बीच असेल तर "कोणाला पोहता येतं?" हे सरांनी बसमध्येच विचारावं, वाळूत उतरल्यावर नव्हे. आणि कोणी बुडत असेल तर पोहता न येणाऱ्याने उडी मारू नये. फेकावं. जे तरंगतं ते फेकावं.

मी स्वतः त्या सुट्टीत टँकवर नाव घातलं. पहिले तीन दिवस नाकातोंडात पाणी. ट्रेनर रोज तेच सांगायचे, "श्वास भर, मान मागे टाक, पाण्यावर झोप." मी सूत्रं आठवत होतो आणि बुडत होतो. चौथ्या दिवशी कान पाण्यात गेले, सगळे आवाज बंद झाले आणि वर नुसतं छत दिसायला लागलं. श्वास घेतला की थोडा वर, सोडला की थोडा खाली. 0.97, मग 1 च्या जवळ, मग परत 0.97.

आर्किमिडीज मला त्या दिवशी समजला. मार्क मात्र आधीच मिळाले होते.