बेंजो 'प्रॉपर' वाद्य नाही म्हणे!

लग्नसराई आली की करावे गावात हळदीच्या रात्री बेंजो सुरू होतो आणि आमच्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच ओरड, "यार, परत चालू झालं!" दुसऱ्या दिवशी व्हायवा असेल तर चिडणं मी समजू शकते. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे आणि तो हळदीलाही लागू आहे. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

माझं भांडण वेगळं आहे. आपल्या फेस्टच्या 'इन्स्ट्रुमेंटल सोलो'मध्ये गिटार चालते, कीबोर्ड चालतो, गेल्या वर्षी मेंडोलिनला तर वन्समोअर मिळाला. पण गावातल्याच आपल्या एका क्लासमेटने बेंजोसाठी नाव दिलं, तेव्हा "ते प्रॉपर इन्स्ट्रुमेंट नाही" म्हणून एंट्री कापली. प्रॉपर म्हणजे काय? आपण इंजिनियर होणार ना, मग दोन्ही वाद्यं शेजारी ठेवून बघू या की!

आधी एक खुलासा. आपल्याकडचा बेंजो म्हणजे इंग्रजी सिनेमातला चामडं ताणलेला गोल बँजो नव्हे. हा बुलबुल तरंग. लाकडी पेटी, वर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. याचा पूर्वज जपानी, 'ताइशोगोतो', १९१२ साली नागोयात बनलेला. मेंडोलिन इटलीचं. म्हणजे परदेशी असण्यात दोघेही सारखेच!

कॉन्व्हेंटमध्ये मी सहा वर्षं व्हायोलिन शिकले, त्यामुळे मेंडोलिन हातात घेतल्यावर बोटं आपोआप जागेवर पडली. ट्यूनिंग तेच, जी-डी-ए-ई, फक्त प्रत्येक तार जोडीने. चार सूर, आठ तारा. बाजूच्या दोन जोड्यांमध्ये पंचमाचं अंतर असल्याने हात फार न हलवता दोन सप्तकं मिळतात. बेंजोत सुरांच्या तारा एकाच स्वरात लावलेल्या, त्यामुळे वरचा सा गाठायला डावा हात तारेच्या निम्म्या लांबीपर्यंत पळवावा लागतो. क्लासमेटच्या काकांनी मला वाजवायला दिला, तेव्हा पाच मिनिटांत साधी धून जमली. पण त्यांच्या स्पीडने वाजवायला पाच वर्षं लागतील. बटणांचं अंतर मी स्टीलच्या पट्टीने मोजलं. मेंडोलिनच्या पडद्यांचं जे गणित, तेच इथे. प्रत्येक स्वराला तारेची लांबी १.०५९५ ने भागत जायची.

टोनमध्ये मात्र मेंडोलिन पुढे आहे, हे मी सरळ मान्य करते. त्याची कोरलेली लाकडी छाती आवाजाला गोलाई देते. बेंजोचा आवाज पत्र्यासारखा, शिवाय बटणाची खटखट. आणि बटण तारेला फक्त दाबतं, बाजूला खेचत नाही, म्हणून मींड जवळजवळ अशक्य. पण मींड ही मेंडोलिनचीही दुखरी जागाच की! आखूड, ताठ, जोडतारा. सज्जाद हुसेन यांनी त्याच तारांतून शास्त्रीय संगीतातली मींड काढली, म्हणून तर त्यांचं एवढं नाव. यू. श्रीनिवास यांनी जोडतारा काढून एकेरी तारा लावल्या आणि वाद्य चक्क इलेक्ट्रिक केलं. त्यांना १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. मग बेंजोवाल्याने पिकअप लावून अँप्लिफायरला जोडलं की तो 'गोंगाट' कसा होतो?

आणि एक गोष्ट मेंडोलिनला जमणार नाही. त्याचा सूर लगेच विझतो, म्हणून वादक सारखा ट्रेमोलो करत राहतो. बंद हॉलमध्ये ते फार गोड वाटतं. पण ढोल, ताशा आणि नाचणारी दोनशे माणसं यांच्यात उघड्यावर ते कोणाला ऐकू येणार? बेंजोचा तो टोकदार, धातूचा आवाज त्या गर्दीतून आरपार जातो. आगरी-कोळी गाण्याची ओळ गायक नसतानाही ओळखू येते ती त्यामुळेच. वाद्य जिथे वाजतं त्या जागेसाठी बनतं. हॉलमधली फूटपट्टी मांडवात लावून कसं चालेल?

खरं सांगू का, कमिटीला आवाजाचा त्रास नाहीये. आमच्या रॉक बँडचे स्पीकर बेंजोच्या दुप्पट आहेत आणि तेव्हा रेक्टर सरही पुढच्या रांगेत बसतात. २०१६ मध्ये रितेश देशमुखचा 'बँजो' आला, रवी जाधव यांनी केलेला. तो पाहायला आवडतो, पण तेच वाद्य शेजारच्या गावातल्या मुलाच्या हातात दिसलं की 'डाउनमार्केट' होतं. कॉलेजच्या गेटपासून करावे गाव चालत दहा मिनिटांवर आहे. तिथली पोरं आपल्याच वर्गात बसतात, आपल्याच जर्नल्स कॉपी करतात (आणि आपण त्यांच्या!).

यंदाची रूल-शीट अजून छापायला गेलेली नाही. त्याआधी कल्चरल कमिटीने त्याला एका संध्याकाळी कॉमन रूममध्ये बोलवावं आणि अँप्लिफायर न लावता, नुसतं ऐकावं. पट्टी मी घेऊन येते.